दवटिकलीचं चित्र

“हे काय आहे, सर?”

गुरव सर ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुठं काय?”

“इथे. मधल्या पुंकेसराच्या दांड्यावर.”

“केस.”

“याला केस नसतात, सर.”

“असतात.” त्यांनी टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. “मी काढलेत ना.”

सरांचं टेबल पडवीत होतं. त्यावर उतरती फळी, फळीला चार कोपऱ्यांत पिना मारलेला जाड कागद आणि उजव्या कोपऱ्यावर घडी घातलेला रुमाल. हाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून तो रुमाल तिथे कायम असायचा. कागदावर दवटिकली होती. डाव्या बाजूला अख्खं रोप, मुळांसकट, आणि मधोमध वीस पट मोठं केलेलं एक फूल. तीन पाकळ्या, तीन पुंकेसर. मधल्या पुंकेसराच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी बारीक केस होते आणि प्रत्येक केस मण्यांच्या माळेसारखा काढलेला होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि देवस्थळी सरांच्या हाताखाली काम करणारी. राजापूरच्या बाजूला गोठणशेत नावाचं गाव आहे, त्या गावावरचा कातळसडा माझा अभ्यासाचा विषय होता. काळा, सपाट, उन्हाळ्यात पाय ठेवू देणार नाही असा दगड. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच कातळाच्या खळग्यांमध्ये चार बोटं उंचीची रोपं उगवतात आणि दीड महिन्यात संपतात. त्यातलंच एक जांभळट फूल गावातल्या बायका दवटिकली म्हणून ओळखायच्या. पुस्तकांत ते कुठेच सापडत नव्हतं. आमच्या मते ती नवी जात होती. पेपर लिहून तयार होता, फक्त चित्र बाकी होतं. नव्या जातीचं वर्णन रेखाचित्राशिवाय कोणी छापत नाही.

मुरारी धोंडू गुरव हे गावातले निवृत्त चित्रकला शिक्षक. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकून ते म्हणाले होते, “शेवाळे? आडनाव शेवाळे, आणि कातळावरची फुलं शोधतेस? बरं झालं, घसरायला शेवाळं तूच आणलंस.” तेव्हापासून मी त्यांची शेवाळेबाई.

“सर, मी याचे चाळीस नमुने पाहिलेत,” मी म्हटलं. “वाळवलेले पाहिलेत, स्पिरिटमधले पाहिलेत. मायक्रोस्कोपखाली. दांडा गुळगुळीत आहे.”

“मेलेले बघितलेस.”

“म्हणजे?”

“मी जिवंत बघितलं. पाच सकाळी सड्यावर गेलो, साडेआठला. फूल उघडतं, दोन तासांत मिटतं. आडवा झोपून बघितलं भिंगातनं. माई म्हणाली, लोक म्हणतील मास्तर कातळावर पडला, उठवा त्याला.”

आतून त्यांच्या बायकोचा, माईंचा, आवाज आला. “म्हणाले पण. पांड्या सुतार धावत आला होता पाणी घेऊन.”

मी हसले. पण माझं लक्ष केसांवरच होतं. या गटात दोन शाखा आहेत, एक गुळगुळीत दांड्यांची आणि एक केसाळ दांड्यांची. आम्ही दवटिकली गुळगुळीत शाखेत बसवली होती. बियांवरच्या नक्षीवरून तिला तिथल्या जुन्या जातीपासून वेगळी काढली होती. तिला केस निघाले असते तर वर्णन, तुलनेचा तक्ता, निष्कर्ष, सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं असतं. सोमवारी पेपर जायचा होता. दुसऱ्या एका कॉलेजचे लोक त्याच सड्यावर येऊन गेल्याचं आम्हाला कळलं होतं. जो आधी छापेल, नाव त्याचं.

हे मी सरांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मग केस असले तर ती जास्तच नवीन नाही का?” ते म्हणाले.

मी पुन्हा एकदा त्या केसांकडे पाहिलं. मी म्हटलं, “उद्या सकाळी मी स्वतः सड्यावर जाऊन बघते.”

“जा. ऊन असलं तर दिसेल.”

माई चहा घेऊन आल्या. सरांनी कप हातात घेतला आणि टेबलापासून लांब, पायरीवर जाऊन बसले. कागदाजवळ ते चहा पीत नसत.

“चित्र झालं म्हणून मला फोन केलात ना?” मी विचारलं.

“झालंय की.”

“शाई कुठे आहे अजून?”

“शाई म्हणजे नुसती मजुरी गो. पेन्सिलीत झालं की झालं.”

त्यांची कामाची पद्धत मी दीड महिना पाहत होते. वेगळी कच्ची चित्रं ते करत नसत. एकच कागद घ्यायचा, त्यावरच चुकायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. पेन्सिल चार एच, म्हणजे इतकी कडक की दाबल्याशिवाय उमटतच नाही. मी एकदा म्हटलं होतं, आधी दुसऱ्या कागदावर सराव केला तर हा स्वच्छ राहील. ते म्हणाले, “दुसऱ्या कागदावर मी बरोबर काढीन आणि या कागदावर त्याची नक्कल करीन. मग फूल कोण बघणार?” आणि मग शाळेतली गोष्ट सांगितली. परीक्षेत मुलं शेजाऱ्याचं बघून काढायची आणि सर आले की खोडायची. सर कागद उचलून खिडकीपाशी न्यायचे, आडवा धरायचे आणि नावानिशी सांगायचे की या माठाच्या जागी आधी काय होतं. “रबर शिसं नेतं. दाब नेत नाही. पोरांना वाटायचं मास्तरला देव येतो अंगात.”

सही ते पेन्सिलीतच करायचे. चित्र पुरं झालं असं मनाने घेतलं की उजव्या कोपऱ्यात सही आणि तारीख. त्यानंतर चित्राला हात लावायचा नाही, फक्त शाई फिरवायची, सहीवरसुद्धा. चाळीस वर्षांत त्यांनी शाळांसाठी शेकडो तक्ते काढले होते. जास्वंदीचा छेद, बेडकाचं पोट. एकावरही त्यांचं नाव नव्हतं. “बेडकाचं पोट काढलं मी, खाली नाव छापलं संस्थेच्या अध्यक्षांचं. पोरांना वाटायचं अध्यक्षांचंच पोट.” हे सांगताना ते मोठ्याने हसायचे. पण आमच्या पेपरात चित्राखाली चित्रकाराचं नाव येणार हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, “पुरं नाव देतात की आद्याक्षरं?”

रविवारी सकाळी पाऊस होता. मी सात वाजता सड्यावर पोचले आणि साडेदहापर्यंत थांबले. एकही फूल उघडलं नाही. शेवटी मी एक मिटलेली कळी सुईने फोडली, छत्री मानेत धरून भिंग लावलं. पाकळ्या चुरगळल्या होत्या, सगळं ओलं होतं. दांड्यावर काहीतरी चमकत होतं. दोन-तीन क्षण दिसलं, मग वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि कळी हातातून गेली.

दुसरी फोडली नाही. बोटं गारठली होती, अकराची वेळ देवस्थळी सरांना दिलेली होती आणि गोठणशेतमध्ये फोनला रेंज फक्त एसटीच्या थांब्यापाशी यायची.

“तू स्वतः पाहिलेस का केस?” देवस्थळी सरांनी विचारलं.

“नाही, सर. फुलं उघडलीच नाहीत.”

“तुझ्या चाळीस नमुन्यांत?”

“एकातही नाहीत.”

“मग माझं मत विचारतेयस की परवानगी?” त्यांचा आवाज शांत होता. “गुरवांचा हात उत्तम आहे. पण सही करणारी शास्त्रज्ञ तू आहेस. तू जे पाहिलंस ते लिही. निर्णय तुझा.”

चमकलेलं काहीतरी मी त्यांना सांगितलं नाही. मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

मी परत आले तेव्हा गुरव सर पडवीतच होते. टेबलाशी नाही, पायरीवर. त्यांनी माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं.

“उघडली नाहीत ना?”

“नाही.”

“आज ऊन नाही. उद्या थांब.”

“उद्या पेपर जायचाय, सर. संध्याकाळच्या गाडीने निघायला हवं.”

“कळीत बघितलंस?”

“बघितलं. पाण्याचे थेंब होते नुसते.”

सर पायरीवर पुढे सरकले. मग म्हणाले, “थेंब रांगेत होते का गो?”

“काय?”

“एका रांगेत होते? मण्यांसारखे?”

“लक्ष नाही दिलं,” मी म्हटलं.

ते उठले आणि टेबलाशी गेले. मीही मागोमाग गेले. मला वाटलं होतं ते वाद घालतील, आणि मी बोलायचं पाठ करून ठेवलं होतं. चाळीस नमुने, दोन शाखा, तक्ता. त्यांनी वाद घातला नाही. खोक्यातून रबर काढलं. टोक बारीक राहावं म्हणून ते ब्लेडने तिरकं कापलेलं असायचं. रबर त्यांनी माझ्यापुढे धरलं.

“चुकलेलं मी खोडतो,” ते म्हणाले. “बघितलेलं खोडत नाही. शास्त्र तुझं आहे. तू खोड.”

“सर, माझ्या हातून बिघडलं तर?”

“बिघडणार नाही. आडवं घासू नको. दांड्याकडून बाहेर, उभं.”

मी खोडलं. फार तर एक मिनिट लागलं असेल. मण्यांच्या माळा एकेक करून गेल्या आणि दांडा माझ्या मायक्रोस्कोपखाली दिसायचा तसा गुळगुळीत झाला. मी रबराची भुकटी फुंकरीने उडवली. काम चांगलं झालं होतं, आणि मला त्याचं बरंही वाटलं, हे इथे लिहायला हवं.

सरांनी माझ्या हातातून रबर घेतलं. कोपऱ्यावरचा रुमाल उचलला आणि माझ्याकडे पाठ करून तिथे काहीतरी घासायला लागले.

“काय झालं?”

“घामाचा डाग पडलाय.”

मग त्यांनी दौत उघडली. चार तास शाई फिरवत होते. पाठ वाकलेली, मधेच श्वास धरून एक रेघ, पुन्हा सरळ होणं. माईंनी जेवायला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारलीच नाही. साडेचारला सरांनी पिना काढल्या आणि कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीने बांधायला घेतला.

“सही राहिली, सर.”

“सही नको.”

“असं कसं? नाव छापायचंय तुमचं. मु. धों. गुरव.”

“नको, बाय.” सुतळीची गाठ त्यांनी दातांनी आवळली. “चित्र घेऊन जा. चित्र बरं आहे. माझं नाव नको त्याच्यावर.”

मी आणखी दोनदा म्हटलं. मग गाडीची वेळ झाली. माईंनी डब्यात घावणे दिले. सर थांब्यापर्यंत आले, छत्री पुठ्ठ्यावर धरून; स्वतः भिजले. मी गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून पुठ्ठे माझ्या हातात दिले आणि एवढंच म्हणाले, “आडवं ठेव. उभं ठेवलंस तर वाकेल.”

पेपर सहा महिन्यांनी छापून आला. चित्राखाली नाव नव्हतं. दवटिकलीला लॅटिन नाव मिळालं आणि त्या नावापुढे देवस्थळी सरांचं आणि माझं. मी दोन प्रती गोठणशेतला पाठवल्या. उत्तर आलं नाही. मी फोन करणार होते. केला नाही.

त्यानंतर मी पुण्याला बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी एका संशोधकाने एक लेख लिहिला. त्याने सात सड्यांवरच्या बिया तपासून दाखवलं होतं की गुळगुळीत दांड्याच्या त्या जुन्या जातीत बियांवरची नक्षी जागेगणिक बदलते. आमच्या दवटिकलीला वेगळं नाव देण्याचं काही कारण नाही. आमचं नाव रद्द झालं. आम्ही जे लिहिलं होतं त्यावरून त्याचा मुद्दा बरोबर होता. मी लेख तीनदा वाचला, एकही चूक सापडली नाही.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेमागच्या ओलसर जागेत मला एक तण दिसलं. दवटिकलीचं लांबचं नातं लागेल असं. त्याच्या पुंकेसरांवर केस असतात हे सगळ्यांना माहीत आहे. ताजं फूल भिंगाखाली धरलं. प्रत्येक केस म्हणजे पाण्याने भरलेल्या गोल पेशींची एक रांग होती, आणि ती उन्हात चमकत होती. फूल स्पिरिटमध्ये टाकलं आणि घड्याळ लावलं. सत्तावीस मिनिटांत पेशी बसल्या. केस दांड्याला असे चिकटले की कळेना तिथे काही होतं.

शनिवारी मी गोठणशेतला गेले.

सडा नव्हता. म्हणजे जागा होती. कातळ सुरुंग लावून फोडला होता, खड्ड्यांत लाल माती भरली होती आणि ओळीने हापूसची कलमं लावली होती. मी दोन दिवस आजूबाजूचे कातळ फिरले. दुसरी सगळी फुलं होती. दवटिकली नव्हती.

घरी माई एकट्याच होत्या. सरांना जाऊन चार वर्षं झाली होती. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही केलंही नव्हतं. पडवीत टेबल होतं, त्यावर आता कुळीथ वाळत घातले होते.

“तू पाठवलेलं पुस्तक आलं हो,” माई म्हणाल्या. “मी नाव शोधत बसले ह्यांचं. मागनं पुढनं सगळं बघितलं. म्हटलं, अहो, तुमचं नाव कुठं आहे? तर म्हणाले, माझं चित्र नाही ते.”

“आणखी काय म्हणाले?”

माईंनी आठवून पाहिलं. “म्हणाले, छपाई बरी आहे.”

“माई, सरांनी फुलाची आणखी चित्रं काढली होती? वहीत कुठे, कागदावर?”

“ते कुठले दुसरे कागद वापरायला. एकच कागद, तोच खोडून खोडून.” त्यांनी कुळथावरून हात फिरवला. “चहा घेशील ना? तेव्हासारखी घाईत नाहीस ना?”

मूळ चित्र देवस्थळी सरांकडे होतं. ते या जानेवारीत निवृत्त झाले आणि कपाट रिकामं करताना त्यांनी मला बोलावून पुठ्ठे दिले. सुतळी तीच होती, गाठही तीच. मी ती कापली नाही, सोडवली. वीस मिनिटं लागली.

खोलीत संध्याकाळचं ऊन होतं, पश्चिमेच्या खिडकीतून टेबलावर जवळजवळ आडवं पडलेलं. मी कागद बाहेर काढला आणि डोळ्यांसमोर सपाट धरला.

शाईच्या रेघांभोवती सगळा कागद चरांनी भरलेला होता. डावी पाकळी चार वेळा काढून चार वेळा खोडली होती, प्रत्येक वेळी किंचित खाली. देठाला पाच जागा बदलून मग सध्याची मिळाली होती. मुळांची तर मोजदादच होईना. दीड महिना माझ्यादेखत हा माणूस किती चुकला होता ते सगळं त्यात होतं.

मग मी मधल्या पुंकेसरावर आले. माझ्या पर्समध्ये भिंग असतं. केस होते. डाव्या बाजूला बारा, उजव्या बाजूला अकरा. प्रत्येकात पाच ते सात मणी, बुडाशी मोठे, टोकाकडे लहान. मी त्या तणात मोजले होते तसेच. आणि तिथे एकाही रेघेशेजारी दुसरी रेघ नव्हती. सगळ्या चित्रात तेवढी एकच जागा होती जिथे सर एकदाही चुकले नव्हते.

हा पुरावा धरला जात नाही. कागदावरच्या खळग्यांवरून कोणी जात ठरवत नाही, आणि ठरवू नये हेही मला मान्य आहे. तरी मी सगळं लिहून घेतलं, मापं घेतली.

ऊन खिडकीच्या कडेला पोचलं होतं. कागद पुठ्ठ्यात ठेवायला वळवला, तेव्हा उजवा खालचा कोपरा उजेडात आला. तिथे शाईची एकही रेघ नाही. रुमाल असायचा ती जागा.

मु. धों. गुरव. पुरं आडनाव, शेवटच्या ‘व’चा पाय लांब खाली ओढलेला. तीही एकदाच काढलेली. खाली तारीख. मी चित्र न्यायला पोचले त्या शनिवारच्या आदल्या दिवसाची, शुक्रवारची.

मी कागद तसाच धरून बसले. ऊन खाली उतरलं आणि कोपरा पुन्हा कोरा झाला.